खाटेवर शिकवलेलं गोंडवन

गोंदिया जिल्ह्यात केशोरीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. अकरावीच्या वर्गात एक गोंड मुलगी होती. तिला सिकलसेलचा, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार होता. थंडी वाढली की सांधे ठणकायचे आणि ती वर्गात दिसेनाशी व्हायची. त्या हिवाळ्यात भूखंडवहनाचा धडा तिचा बुडला, तेव्हा एका रविवारी मीच तिच्या घरी गेले.

अंगणात उन्हात खाट टाकली होती. बाप तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होता. तो जंगलात कामाला जायचा, त्या दिवशी खाडा करून घरी थांबला होता.

बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी खंड करून नेले होते. तिने पडल्या पडल्या दक्षिण अमेरिका आफ्रिकेला लावून पाहिली. कडा जुळल्या. मग मी तिला एका झाडाच्या पानाचं सांगितलं. त्याचे ठसे आपल्या कोळशाच्या खाणींत सापडतात, आफ्रिकेत सापडतात आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाखालीही. चंद्रपूरकडे नदीकाठच्या खडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत, हेही सांगितलं.

"चंद्रपुरात बर्फ?" ती हसली. खूप दिवसांनी हसली असावी, कारण बापाचा हात थांबला.

"हे सगळे खंड एकत्र होते," मी म्हटलं, "त्या भूमीला गोंडवन म्हणतात. तुमच्या मुलखावरूनच नाव पडलं."

"आमच्या?" बाप म्हणाला. त्याने जोडलेल्या पुठ्ठ्यांवर तेलकट बोट ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, गोंदियाचा डॉक्टर सांगे, अफ्रीका में भी बहुत है ये बीमारी. मंग तवाच इकडून तिकडं गेली असन ना? जमीन एकच होती त?"

मला होय म्हणावंसं वाटलं. पण मुलगी माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "जमीन फाटली तेव्हा माणूस जन्मलाच नव्हता. तिकडे तो आजार वेगळा सुरू झाला, इकडे वेगळा. जिथे हिवताप जास्त, तिथे तो टिकला, कारण त्याचा थोडा अंश रक्तात असला की हिवताप जिवावर बेतत नाही."

"म्हणजे आमचा इथलाच व्हय," मुलगी म्हणाली आणि आफ्रिका बाजूला ठेवून दिली.

बाप परत तेल चोळू लागला. पुढचा धडा तिला कळला की नाही, मला सांगता येणार नाही. ती हो-हो करत राहिली.

संक्रांतीच्या आसपास तिच्या छातीत दुखायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्याने गोंदियाला न्यायला सांगितलं. गाडी मिळाली, पण उशिरा. गोंदियात रक्त चढवायला घेतलं आणि त्यातच ती गेली. मला कॉलेजात फोनवर कळलं. मी वर्गात जाऊन हजेरी घेतली, तिचं नाव आलं तेव्हा थांबले आणि पुढचं नाव घेतलं. मुलांना ठाऊक होतं.

कार्य झाल्यावर मी भेटायला गेले. खाटेवर तिची धाकटी बहीण बसली होती. तिचीही तपासणी झाली होती आणि तोच आजार निघाला होता, हे मला तिच्या आईकडून कळलं. हातांची बोटं सुजलेली होती.

निघताना बाप माझ्यामागे फाटकापर्यंत आला.

"मॅडम, हिले कायले शिकवू मी आता?"

शिकवा, असं माझ्याने म्हणवलं नाही. गावाबाहेर बस उभी होती, तिच्यात जाऊन बसले.