पायाखालचा आवाज

"काका, आत नको. तिथंच थांबा, काम चालू आहे."

चौलच्या वाडीवाल्याच्या मुलाने मला पडवीतच उभं केलं. मुलगा म्हणजे तिशीचा बाप्या. लोकांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखती घरी बसून ऐकतो आणि टाईप करून देतो. त्याने हेडफोन लावले. थोड्या वेळाने हसला. त्याच्या कानात माझी बायको बोलत होती. तिला जाऊन चार महिने झाले होते.

गेल्या साली मुंबईच्या कॉलेजातली एक मॅडम आमच्या बौद्धवाडीत आली. नारळी-सुपारीच्या वाडीत राबलेल्या बायांच्या आठवणी तिला हव्या होत्या. बायको दोन दुपारी बोलली. मला बाहेर घालवलं. काय सांगितलंस विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या कामाचं न्हाय." मग ती गेलीच. घरात तिचा फोटो आहे, आवाज कशातच नाही. तिचं बोलणं टाईप करायला ह्याच्याकडे आलंय असं कळलं, म्हणून रेवदंड्याहून रिक्षाने गेलो होतो. एकदा ऐकव, एवढंच मागणं.

टेबलाखाली शिवणयंत्राला असते तशी पायपट्टी होती. दाबली की आवाज चालू, सोडली की बंद, टाचेने दाबली की मागे. ह्याच घरच्या वाडीत बायको जन्मभर पाणी शिंपत होती. ह्याची आजी तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. आता नातू पायाने तिला बोलायला लावत होता, पायाने गप्प करत होता.

मी म्हटलं, कानातलं काढ, मोठ्याने लाव. नियमात बसत नाही म्हणाला. वर म्हणाला,

"मावशी हसतात मात्र भारी. तुमच्यावर तर बरंच बोलल्यात."

"काय बोलली?"

"ते गोपनीय असतं, काका. क्लायंटचं असतं."

अंगाची लाही झाली. सांगायला लाज कसली, जळलो मी. माझ्यासमोर ती कित्येक वर्षांत हसली नव्हती. शेवटी तर नुसता खोकला. आणि हा तिला मागे नेऊन पुन्हा पुन्हा हसवतो. संसार माझा, हसणं ह्याच्या कानात.

त्याने मॅडमला फोन लावून दिला. ती गोड बोलली. पुस्तक छापून पाठवते म्हणाली. आणि तुमचीही मुलाखत घेऊ, काका, तुमचं दुःख नोंदवलं पाहिजे. म्हणजे माझं रडणंही ह्याच्याच पायाखाली.

"न्हाय," मी म्हटलं. "पुस्तक खोकत न्हाय, बाई. मला ती पाहिजे."

फोन त्याच्या हातात दिला आणि निघालो.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर उठलो. जे झालं ते सगळं सांगितलं. मॅडमच्या रेकॉर्डिंगच्या मशीनसमोर बोललेल्या बाया आधी उठल्या. आवाज परत मिळेपर्यंत आमच्यातलं कोणी कॉलेजवाल्यांपुढे तोंड उघडणार नाही, असं ठरलं.

उद्या रेवसहून लाँचने सगळे मुंबईला, मॅडमच्या कॉलेजात जातोय. बायकोने त्यात मला शिव्या घातल्या असतील. असू देत. त्या माझ्या आहेत. त्या घेतल्याशिवाय मी परत येणार नाही.