गाडीवरच्या चुनऱ्या

देवीनं माझं ऐकलं नाही, असं त्या चैत्रापर्यंत मला वाटायचं. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना ट्रक उन्हाळ्यात नुसता उभा राहिला की तापायचा. रस्त्याला लागला की गुणी बाळ. नाक्यावर, गेटवर, रांगेत थांबला की तापमानाचा काटा लाल रेघेकडे. आमची ही म्हणायची, "तुम्ही आणि तुमची गाडी, दोघांना उभं राहायला सांगितलं की तापता." खोटं नव्हतं. मी स्वतःला अर्धा मिस्तरी समजायचो. थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटर आतून धुऊन घेतला. देवीला साकडंही घातलं. काटा मात्र माझं ऐकेना. शेवटी वैतागून आडगावच्या एका व्यापाऱ्याला गाडी विकतो म्हणून शब्द दिला.

अण्णा गेल्यापासून आई त्या गाडीच्या सावलीत गहू निवडायला बसायची. तिनं एवढंच मागितलं, "द्यायच्या आधी एकदा देवीच्या गडाच्या पायथ्याशी ने. तिला निरोप घेऊ दे." म्हणून चैत्राच्या यात्रेत आम्ही दोघं नाशिक रोडहून वणीच्या वाटेला लागलो.

आमच्या घरची एक रीत होती. दर चैत्रात देवीची एक चुनरी गाडीच्या तोंडाला, जाळीवर बांधायची. जुनी सोडायची नाही. देवीचं वस्त्र कोण सोडणार? नवी तिच्यावरच बांधायची. गाडी नवी आली तेव्हापासूनच्या साऱ्या चुनऱ्या तिथं एकावर एक होत्या. मिस्तरीसुद्धा आदरानं त्यांना हात न लावता बाजूनं काम करायचा.

नांदुरीच्या अलीकडे गाड्यांची रांग अडली. डोक्यावर ऊन, समोर गड, आणि काटा चढायला लागला. बाटलीतलं पाणी संपत आलं होतं. केबिनमध्ये आईचा चेहरा उतरला. इथंच गाडी बसली तर तिचा निरोप राहणार, आणि या उन्हात आईला मी कुठं नेणार? इंजिन चालूच ठेवून मी खाली उतरलो आणि गडाकडे बघून मनात म्हणालो, मला जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं. आता तू बघ. खरं सांगायचं तर त्यात भक्ती कमी आणि चिडचिड जास्त होती.

तेवढ्यात खानदेशातून पायी आलेली एक बाई समोर थांबली. पायात काही नाही, कडेवर उघड्या डोक्याचं पोर. जाळीकडे बोट करून म्हणाली, "भाऊ, यामातली एक दे ना. ऊन भलतं लागी ऱ्हायनं."

"ताई, देवीच्या आहेत त्या. सोडत नाहीत."

"मी बी तिनीच शे ना, भाऊ."

तीही देवीचीच, हे खरं होतं. तरी माझा हात गाठीकडे जाईना. केबिनमधून आईचा आवाज आला, "दे रे! देवीनं काय तुला गाठोडं राखायला बसवलंय?"

गाठी उन्हापावसानं दगड झालेल्या. पकडीनं, शेवटी दातांनी सोडवल्या. एक दिली तशी मागून चालणाऱ्या बायाही थांबल्या. एकेक चुनरी एकेका डोक्यावर गेली. सगळ्यात खालची, विटलेली, अण्णांनी स्वतः बांधलेली. ती आईनं मागून घेतली आणि पदरावरून पांघरली.

केबिनमध्ये चढलो तर काटा उतरत होता. मला वाटलं, काटाच बिघडला. टिचकी मारली. तो उतरतच राहिला. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. गाडी पळताना चुनऱ्या फडफडायच्या, वाऱ्याला वाट मिळायची. उभी राहिली की पंखा त्यांनाच आत ओढून जाळीला चिकटवायचा. तिचा श्वास आम्हीच कोंडला होता, तोही हात जोडून. ती बाई दिसते का म्हणून वाकून पाहिलं. पुढं लाल चुनऱ्याच चुनऱ्या चालल्या होत्या.

पायथ्याशी नारळ फोडला. परतताना आईनं हळूच विचारलं, "आता बरी झाली ना रे ती?"

"झाली. पण शब्द दिलाय, आई."

"मग पाळ," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. व्यापारी गाडी घेऊन गेला तेव्हा ती अंगणात आलीसुद्धा नाही. एक चैत्र आधी कुणी चुनरी मागितली असती तर? ही रुखरुख मला अजून सोडत नाही.

मध्यंतरी नाशिकमध्येच द्वारका चौकाच्या सिग्नलला ती गाडी दिसली. तोंडावर जाडजूड हार, त्यावर नवा कोरा झेंडा. न राहवून स्कूटर लावली आणि ड्रायव्हरला म्हणालो, "दादा, पुढचं जरा मोकळं ठेव. उभी राहिली की तापते."

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, देवाचं आहे ते. काढत नसतात."

मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. सिग्नल सुटला आणि गाडी गेली.

आता आम्ही गडावर एसटीनं जातो. चुनरी घेतो, पण बांधत नाही. वाटेत एखादी उन्हातली बाई दिसली की आई तिच्या डोक्यावर घालते. मी बाजूला उभा राहतो. आजकाल फारसा तापत नाही, असं आमची ही म्हणते. देवीनं माझं ऐकलं होतं. हात सैल करायला मलाच उशीर झाला.