पंचांचा राखाडी स्वेटर

आमच्या ऑफिसात वेबसाइट तयार होतात, आणि रंगावरून भांडण झालं की निकाल पंच देतात. पंच हे टोपणनाव. खरं नाव पगाराच्या दिवशीच कानावर पडतं. ‘हे बटण त्या बटणापेक्षा फिकं आहे ना?’ असं विचारलं तर पंच बटणाकडे बघतसुद्धा नाहीत. बटणाच्या स्वतःच्या कोडच्या ओळीत रंग लिहिलेला असतोच असं नाही. तो बहुतेक वेळा दुसऱ्याच फाइलीतून येतो. म्हणून पंच एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चिमुकला प्रोग्रॅम, चालवतात. ती थेट ब्राउझरलाच विचारते, की बाबा, सगळे नियम लावून शेवटी रंग कोणता ठरला? ब्राउझर तीन आकडे देतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. पंच ते वाचतात आणि भांडण मिटतं.

बघत नाहीत याचं कारण, पंचांना रंग नीट दिसतच नाहीत. लाल-हिरवा, निळा-जांभळा, सगळा सावळागोंधळ. हे ऑफिसात कोणालाही ठाऊक नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. रंग तपासणाऱ्यालाच रंग दिसत नाहीत हे फुटलं तर नोकरी गेली, या धास्तीने ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी नुसती हाक मारली तरी ते दचकून उभे राहायचे.

आता ज्या माणसाने भडक गुलाबी स्वेटर ‘ऑफिसात शोभेलसा राखाडी’ म्हणून स्वतः निवडून आणला, त्याचं गुपित टिकणार किती? पण आम्ही कोणी ब्र काढला नाही. मी शेजारच्या टेबलाशी बसते. ‘पंच, ती लाल फाइल द्या, डावीकडची,’ असं बोलायची मी सवयच लावून घेतली. त्यांना वाटायचं मी बडबडी आहे. वाटू दे.

मग एक दिवस खुर्च्यांचे कारखानदार तणतणत आले.

“माझ्या साइटवरच्या निम्म्या लिंक जांभळ्या झाल्यात! मी निळ्या सांगितल्या होत्या.”

मॅडमनी साइट भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली. पंचांनी स्क्रिप्ट चालवली. प्रत्येक लिंकला तेच तीन आकडे.

“सगळ्या निळ्या आहेत, साहेब,” पंच छाती काढून म्हणाले.

पडद्यावर निम्म्या लिंक ढळढळीत जांभळ्या होत्या. कारखानदार लालबुंद झाले. पंचांना अर्थात तेही कळलं नाही.

“अहो, तुम्हाला रंग कळतात की नाही?”

पंचांचा चेहरा खर्रकन उतरला. मला त्यांची इतकी दया आली की त्या कारखानदारांना त्यांच्याच खुर्चीत बांधून ठेवावंसं वाटलं.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “मला तर निळ्याच दिसतायत.”

“मलाही,” मी म्हटलं.

पाणी घेऊन आलेला शिपाई दारातूनच म्हणाला, “निळ्या. एकदम निळ्या.”

कारखानदारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “नंबर वाढला वाटतं,” असं पुटपुटत ते गेले.

मग मी शोधाशोध केली. उघडून झालेल्या लिंक जांभळ्या दिसतात, पण स्क्रिप्टने विचारलं की ब्राउझर मुद्दाम आधीचा निळाच रंग सांगतो. का, तर माणूस कुठे कुठे जाऊन आला ते परक्या साइटला कळू नये म्हणून.

“म्हणजे ब्राउझर माझ्याशी खोटं बोलला?” पंच म्हणाले.

“कोणाचं तरी गुपित राखायला.”

त्यांनी पुन्हा ते तीन आकडे वाचले. मग हळूच म्हणाले, “ताई, म्हणजे तुम्हाला सगळ्यांना त्या जांभळ्या दिसत होत्या.”

मॅडमना एकाएकी खिडकीबाहेर बघण्यासारखं बरंच काही सापडलं.

पंचांनी स्वेटरची बाही डोळ्यांजवळ नेली. “आणि हा?”

“राखाडी!” मी, मॅडम आणि शिपाई, तिघंही एका सुरात ओरडलो.

त्यांनी मान खाली घालून काम सुरू केलं आणि घरी जाण्यापूर्वी कोडमध्ये एक ओळ घालून साऱ्या लिंक निळ्या केल्या. पुढे कारखानदारांचा फोन आला: नवा चष्मा केला, आता सगळ्या लिंक निळ्या दिसतात, चष्मेवाला फारच हुशार आहे.

पण त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी, ते आता स्वेटर बदलणार म्हणून मला वाईट वाटत होतं. पंच आले ते तोच घालून.

“घरी बायको म्हणते गुलाबी आहे,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “मी सांगितलं, असेल. ऑफिसात तो राखाडी आहे.”