दोन्ही चाप

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची दुपार कोणती, असं कुणी विचारलं तर मी खोटं सांगते. लग्नाचं सांगते, लेकाच्या बारशाचं सांगते. खरी दुपार कामरेजची आहे, आणि तिचं नाव काढलं की माझी ताई अजूनही ताटावरून उठते. आता लिहायलाच बसले आहे तर लिहिते. उठायचं तर उठू दे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी गावाकडे पळालेली माणसं सुरतेत परतून पुन्हा कामाला लागली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही उधन्याला राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, लूमच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की हाक त्यांनाच. ताई मराठी शाळेत शिकवायची. अठ्ठाविशी ओलांडलेली, रंगाने सावळी, त्यात चष्मा. बघायला आलेले लोक पोहे खायचे, 'कळवतो' म्हणायचे, आणि मग त्यांच्या हाताला काय लकवा मारायचा कोण जाणे, कळवायचं कोणीच नाही. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. मुलाकडचे येणार असले की मला शेजारच्या काकूंकडे पाठवून द्यायचे, धाकटी डोळ्यांत भरू नये म्हणून. तिथे मी काकूंचे पापड लाटत बसायचे आणि भिंतीपलीकडे चपला वाजल्या की म्हणायचे, झालं, हेही गेले.

मग हे सुरतेजवळच्या कामरेजचं स्थळ आलं. मुलाचे वडील नानांसारखेच धुळ्याकडून आलेले, पण आता स्वतःचे माग, कामरेजला फार्म, दारात गाडी. मुलगा चौतिशीचा आणि 'शौकीन' आहे, असं मध्यस्थ म्हणाला. कसला शौक ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एकदा येऊन त्यांनी ताईला बघितलं, आणि पुढच्या आठवड्यात निरोप आला: रविवारी सगळे फार्मवर जेवायला या.

आता हे जेवायला बोलावणं म्हणजे काय, ते आमच्या खानदेशी माणसालाच कळेल. आमच्यात मुलीकडचे मुलाच्या घरी पाणी पितात, फार तर चहा घेतात. पानावर बसायचं ते सोयरीक ठरल्यावर. नानांनी निरोप ऐकला आणि भिंतीला टेकून खालीच बसले. "जेवाले बलायं म्हणजे हुई गयं," ते आईला म्हणाले. घरात ते अहिराणीच बोलायचे, आनंद झाला की जास्तच. आईने डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळी नाना पेढे घेऊन आले आणि अख्ख्या गल्लीत वाटून मोकळे झाले. मी म्हटलं, "नाना, आधी त्यांना तोंडाने हो तरी म्हणू द्या."

"तू गप गं. जेवायला बोलावून कोणी नाही म्हणतं का?"

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ताई गुणगुणत होती. ताई गाते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ठरलंच आहे म्हटल्यावर मला लपवायचं कारण उरलं नाही, म्हणून मलाही नेलं. ताईने नवी मोतिया रंगाची साडी नेसली होती. नानांच्या पिशवीत नारळ, सुपारी, आणि व्याह्यांसाठी टोपी-टॉवेल. जेवण झालं की तिथेच चार माणसांत सुपारी फोडायची आणि मोकळं व्हायचं, असा त्यांचा बेत. बसमध्ये पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

जेवण झकास होतं, खोटं कशाला बोलू. पुऱ्या, श्रीखंड, खमण, गरम गरम भजी. नाना प्रत्येक वाढपाला 'बस, बस' म्हणत होते आणि पान पुढे करत होते. हात धुऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून नारळ काढला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मग आता सुपारीचं उरकून घेऊ."

मुलाच्या आईने आधी नारळाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि मग ती हसायलाच लागली. "अरे भाई, हे काय काढलंत? आम्ही तर दर रविवारी कोणाला ना कोणाला बोलावतोच. मागच्या रविवारी नवसारीच्या मुलीकडचे आलेले. बहु मज्जा आली. जेवण म्हणजे जेवण हो, दुसरं काय?" तिचा नवरा, धुळ्याचाच माणूस, सगळं कळत असून दात कोरत बसला. नानांच्या हातातला नारळ आधी मांडीवर आला, मग पिशवीत गेला. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिच्या मनात त्या क्षणी आमची गल्ली आली असणार, मला तरी तीच आली. पेढे खाल्लेली शंभर तोंडं.

एवढ्यात मुलगा उठला. "चला, आता जरा मोज करू," म्हणाला आणि आतून दुनळी बंदूक घेऊन आला. हा त्याचा शौक. परदेशातल्या कुठल्याशा मित्राकडे त्याने मातीच्या ताटल्या उडवून फोडायचा खेळ बघितला होता आणि तो इथे मांडला होता. उसाच्या कडेला एक लोखंडी यंत्र, आंब्यामागे दुसरं. गड्याने दोरी ओढली की यंत्राचा हात फिरायचा आणि ताटली सणसणत सुटायची. कधी उसावरून, कधी डोक्यामागून, कधी जमिनीवरून सशासारखी गडगडत. ताटल्या एका कुंभाराकडून करून घेतलेल्या, हलक्या, कच्च्या भाजणीच्या. त्याने "छोड!" म्हणून ओरडून दोन-तीन फोडून दाखवल्या. एक चुकली तर गड्याला शिवी घातली.

"आता तुम्ही," तो ताईला म्हणाला.

ताईने नानांकडे बघितलं. नाना तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "अजून नाही म्हटलेलं नाही त्यांनी. ते म्हणतील तसं कर, बेटा." तेव्हा तिने बंदूक घेतली. शाळेत फळा पुसायचं डस्टर धरतात तशी धरली. त्याने काडतुसं घातली, ताईचं एक बोट एका चापावर आणि दुसरं दुसऱ्यावर ठेवलं, आणि म्हणाला, "दोन्ही दाबायचे हं. घाबरू नका, फटाक्यासारखं आहे." मग स्वतः चार पावलं मागे सरकला आणि आपल्या आईकडे बघून त्याने डोळा मारला. तो डोळा मी बघितला. पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

जो आवाज झाला तो फटाक्याचा नव्हता. ताई मागे उचलली गेली आणि पाठीवर आपटली. चष्मा एकीकडे, चप्पल दुसरीकडे, मोतिया साडी मातीत. ताटली निवांत जाऊन उसात पडली. मुलाची आई पोट धरून हसली, म्हणाली, "नवसारीवाली पण अशीच पडलेली!" मुलगा हसला, वडील हसले, दोरी ओढणारा गडी हसला. आणि आमचे नानासुद्धा हसले. मुलीकडचे ना, हसावंच लागतं! फक्त आमची आई धावली. ताई उठून बसली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "काही नाही, काही नाही." खांदा धरून ती बाजेवर जाऊन बसली.

माझं डोकं सणकलं. "आण इकडे," मी त्याला म्हटलं. अहो-जाहो पार विसरले. त्याला ते भारीच आवडलं.

आणि मग बघा गंमत. माझ्या कानात घालायला त्याने कापूस दिला. ताईला दिला नव्हता. बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट दाबायला लावला. "गाल लाकडाला चिकटव. डावा पाय पुढे. अंग थोडं पुढे झुकव." काडतूस एकच घातलं. मी विचारलं, "एकच का?"

"दोन्ही चाप एकदम दाबले की माणूस उलटतो," तो सहज म्हणाला. कशी ठेच लागते ते सांगावं इतक्या सहज.

मी ताईकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. तिथेच मी ती बंदूक खाली टाकायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. टाकली नाही. त्याच्या नाकावर टिच्चून एक तरी ताटली फोडायची, एवढंच डोक्यात होतं.

पहिली चुकली, दुसरी चुकली, खांदा दुखायला लागला. "ताटलीवर नाही मारायचं," तो म्हणाला, "ती पळते ना, तिच्या थोडं पुढे मार. तू मारतेस तोवर ती तिथे येते." मी ओरडले, "छोड!" ताटली उसावरून निघाली, मी तिच्याबरोबर अंगाने फिरले, तिच्या पुढे गेले आणि चाप दाबला. ताटली होती, आणि मग नव्हती. आभाळात फक्त लाल धुरळा.

आई गं! काय सांगू ती मजा! माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. पापड लाटणाऱ्या या हातांनी एवढ्या लांबच्या, एवढ्या वेगाच्या गोष्टीचा भुगा केला होता. मी म्हटलं, आणखी. डोक्यामागून आली ती फोडली, आंब्याकडची हुकली, गडगडत आलेली फोडली. प्रत्येक धुरळ्याबरोबर मी खदाखदा हसत होते. प्रत्येक ताटलीवर मला मनात एकेक तोंड दिसत होतं. पोहे खाऊन न कळवणारे सगळे, दात कोरणारा तो धुळेकर, आणि हो, मातीत पडलेल्या मुलीला हसणारे नाना. दणादण! मुलगा टाळ्या वाजवत म्हणाला, "मजा आवी ने?" मी म्हटलं, आवी! अन् का नाही येणार? मजेला कुठे कळतं ती कोणाच्या अंगणात आली आहे?

मला कापसामुळे लांबचं काही ऐकू येत नव्हतं. कापूस काढला तेव्हा मुलाची आई बाजेजवळ उभी राहून, ताईच्या डोक्यावरून नानांना सांगत होती, "मोठीचं राहू द्या. धाकटी देत असाल तर बोला. आज सुपारी फोडू."

नाना आईला थोडं बाजूला घेऊन, पण ताईला ऐकू जाईल इतक्याच बाजूला, म्हणाले, "पेढे तर वाटून झालेत. एका पोरीचं तरी होईल." आणि त्यांचा हात पिशवीकडे गेला. आपल्या वडिलांचा हात आपल्यासाठी नारळ काढताना बघणं काय असतं, ते मी तेव्हा बघितलं. त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि तो जाऊन कितीतरी वर्षं झाली.

मी बंदूक त्या मुलाच्या हातात दिली आणि त्याच्या आईला म्हटलं, "मावशी, मला तुमची बंदूक आवडली, मुलगा नाही. बंदूक देत असाल तर बोला."

परतताना बसमध्ये नानांनी पिशवी पायाशी ठेवली. नारळ तसाच घरी आला. आईने गल्लीत सांगितलं, पत्रिका जुळली नाही. पेढे खाल्लेल्या बायका चुकचुकल्या, आणि त्यातल्या एकीने ताईला नळावर ऐकवलंच, "आता मास्तरीणबाई, तुमचे पेढे पचवायचे तरी कसे?" ताई हंडा भरून घरात आली. गुणगुणणं बंद झालं ते बंदच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कामावर गेल्यावर आई ताईच्या खांद्याला हळद-तेल चोळत होती. खांदा निळा-काळा पडला होता. माझाही दुखत होता, पण माझा दाखवण्यासारखा नव्हता. आई तेलाची वाटी ठेवायला आत गेली, तशी ताईने पोलक्याचं बटण लावत विचारलं, "तुला मजा आली ना?"

खोटं बोलता आलं असतं. पण शाळेच्या मास्तरणीपुढे खोटं टिकत नाही. "आली," मी म्हटलं.

"ऐकू आलं मला. तू कधी अशी हसत नाहीस." ती उठली आणि खुंटीवरची नानांची छत्री काढून माझ्यासमोर उभी राहिली. "दाखव. मला कोणी दाखवलंच नाही."

मी छत्रीची मूठ तिच्या चांगल्या खांद्याच्या खळगीत दाबली. "गाल लाकडाला चिकटव. पाय पुढे." तिने नीट केलं सगळं, माझ्यापेक्षा नीट. छत्रीचं टोक नळाकडे गेलं, पेढे खाल्लेल्या दारांवरून फिरलं, नानांच्या खुंटीवरच्या टोपीवर क्षणभर थांबलं, आणि मग हळूहळू वळून माझ्या छातीवर येऊन स्थिर झालं.

"थोडं पुढे मारायचं ना?" ताईने विचारलं.

"पळणारीच्या पुढे," मी म्हटलं.

"तू तर उभीच आहेस," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही बोटं वाकवली.