रोजची वीस मिनिटं

आम्ही अग्निशमन दलाची माणसं. धूर खायचाच पगार घेतो. पण आयुष्यात सगळ्यात जास्त धूर आम्ही खाल्ला तो आमच्याच केंद्रात. कुठं आग लागली की उलट बरं वाटायचं, निदान मोकळ्या हवेत जायला मिळायचं.

सकाळी गाडी धुऊन झाली की आमचे ड्रायव्हर मामा ती जागेवरच सुरू करत. ब्रेकची हवा रात्रीत उतरायची, ती भरायला वीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ शटर खाली. धुतलेल्या गाडीवर रस्त्याची धूळ बसलेली साहेबांना खपत नसे. मामा मागं जाऊन वाकत, धुराचा रंग बघत, वास घेत आणि म्हणत, "तब्येत बरी हाय." म्हणजे गाडीची. आम्ही तिथंच हजेरीला रांगेत उभे असायचो. चहावर काजळी आली की ती सायीसारखी बोटानं बाजूला करायची आणि प्यायचा.

मामांचा खोकला वाढत चालला. वर्षाच्या तपासणीत नळीत फुंकायला लावतात. फुंक कमी पडली की माणूस गाडीवरून खाली. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि गाडीवरूनच घरी जायचं, एवढी एकच हौस त्यांनी धरली होती.

फुंक कमी पडली. डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती बिड्या?"

"नाय ओढत," मामा म्हणाले. ज्या माणसानं कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्या कागदावर डॉक्टरांनी 'धूम्रपान बंद करावे' असं लिहिलं, तोवर गाडीवर राहू दिलं आणि सहा महिन्यांनी परत बोलावलं.

माझं डोकंच फिरलं. अर्जावर अर्ज केले, तेव्हा कुठं एक पिवळा पाईप आला. एक टोक सायलेन्सरला लावायचं, दुसरं खिडकीबाहेर सोडायचं. साहेबांनी तो कपाटात ठेवायला सांगितला. नवा आहे, वापरला तर आतून काळा होईल, म्हणून फक्त वरचे लोक पाहणीला आले की लावायचा. मी म्हणालो, "साहेब, धुराचा पाईप काळा नाय होणार तर काय होणार?" साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण पाईप बाहेर आला.

महिनाभर चहा चहासारखा लागला. एकटे मामा तेवढे बेचैन. गाडीची तब्येत कळेना, म्हणून ते बाहेर खिडकीखाली जाऊन पाईपच्या तोंडाशी वास घ्यायला लागले. मी त्यांना दंडाला धरून आत आणायचो.

मग एका सकाळी औरंगपुऱ्यातून कचरा पेटल्याचा फोन आला. निघताना पाईप काढायचं काम माझं. मी हेल्मेट घातलं, चढून बसलो आणि घंटा वाजवत राहिलो. पाईप खिडकीतून निसटून आमच्यामागं रस्त्यानं लोळत आला. लोक पाण्याचा समजून अदबीनं त्याला वाट देत होते. एका दुकानदारानं तर तो उचलून आमच्या हातात आणून दिला आणि म्हणाला, "साहब, पानी छोडो."

खुलाशात मामांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. मी भांडलो तर म्हणाले, "तुझी नोकरी लई बाकी हाय."

हुकूम निघाला. पाईप सुरक्षित राहावा म्हणून तो स्टोअरमध्ये कुलपात ठेवायचा आणि राखायला मामांना तिथं बसवायचं. ते स्टोअर मागच्या अंगणापलीकडं. पाईप राखत बसलेल्या मामांकडं मला बघवत नसे. त्यांची गाडी मी चालवायला लागलो.

सहा महिन्यांनी मामांनी नळी भरून फुंकली. डॉक्टर खूश झाले. "सोडली ना?"

"व्हय, सोडली," मामा म्हणाले.

त्यांच्यामागं माझा नंबर होता. मी फुंकलं आणि खोकत बसलो. डॉक्टरांनी मान हलवली. "रोज किती?"

मी म्हणालो, "वीस मिनिटं."