खंडेनवमीला मध्येच थांबलेला सर्व्हर

बुधवार, दि. १ ऑक्टोबर २०२५. तक्रार अशी की, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येणारे पुण्याचे शल्यचिकित्सक या वेळी दसऱ्यामुळे बुधवारीच येणार आहेत, ही गोष्ट रुग्णालयातील स्वयंपाक्यापासून रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत सर्वांस ठाऊक होती. केवळ सर्व्हरची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्यास ती कळविण्याची तसदी कोणी घेतली नाही. परिणामी त्याने नेमके त्याच सकाळी सर्व्हरच्या अद्ययावतीकरणाचे काम सुरू केले. नोंद व्हावी.

ही तक्रार एलिया पगारे यांची. शेवगावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात जिन्याखालच्या खोलीत जो सर्व्हर आहे, त्याचे ते रखवालदार. सर्व रुग्णांचे स्कॅन त्याच एका यंत्रात साठवलेले असतात, कारण स्कॅनची छापील फिल्म देणे रुग्णालयाने केव्हाच बंद केले आहे.

पगारे सरांचे वडील मिशनच्या शाळेत मराठी शिकवीत. मुलाने आजीला लिहिलेले पत्रसुद्धा लाल शाईने तपासून, पुन्हा लिहायला लावूनच ते टपालात टाकीत. अशा घरात वाढलेल्या माणसाला अर्धे सोडलेले वाक्य खपत नसे, आणि अर्धे सोडलेले काम तर मुळीच नाही. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी प्राध्यापकीसाठी जिल्हाभर मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी खुर्ची आधीच कुणाच्या तरी भाच्यासाठी पुसून ठेवलेली असे. तेव्हापासून ते लेखी तक्रारी करीत आले आहेत. बसस्थानकाच्या गळक्या छताविषयी, नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याविषयी, नाताळात चर्चच्या कर्ण्यातून येणाऱ्या खरखरीविषयीही. पत्नी मरिया म्हणते, "तुमची प्रार्थनाही देव योग्य त्या कार्यवाहीसाठी खालच्या कार्यालयाकडे पाठवत असेल."

त्या सकाळी काम सुरू करून त्यांनी यंत्रावर पाटी चिकटवली: 'प्रणाली-अद्ययावतीकरण प्रगतिपथावर. संबंधितांनी कृपया सहकार्य करावे.' मग, मशीन आपले काम करीत आहे तोवर आपण आपले करावे, या विचाराने ते वारंवार जाणाऱ्या विजेची तक्रार गुदरायला वीज कार्यालयात गेले.

परतले तेव्हा यंत्राचा पडदा काळा होता. जिथे नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट दिसायची, तिथे कोपऱ्यात एक बारीक रेघ उघडझाप करीत होती. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. तीच रेघ. तारा काढून पुन्हा खोचल्या, दुसरा पडदा आणून लावला. रेघ त्याच्यावरही हजर.

दारात चाकाच्या खुर्चीची करकर झाली. राजेश्वरीबाई होत्या, बोधेगावकडच्या एका शाळेतल्या शिक्षिका. त्यांच्या पाठीच्या कण्याला लागून गाठ होती आणि उन्हाळ्यापासून पाय बधिर होत चालले होते. जुने आणि नवे स्कॅन शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येणार नाही, असे पुण्याच्या डॉक्टरांनी मागेच सांगितले होते. डॉक्टर चार वाजता निघणार होते. ते तसेच गेले, तर पुढचा महिना. आणि महिनाभरात त्या पायांचे काय होईल, हे कोणी बोलून दाखवीत नव्हते.

"डॉक्टर विचारतात, माझे फोटो दिसत का नाहीत?"

"यंत्र उघडत नाही, बाई."

"वर्गातली पोरं अगदी असंच सांगतात. गृहपाठ केलाय बाई, पण दप्तर उघडत नाही." त्या हसल्या. हात मात्र गुडघा दाबून पाहत होता, जणू तो अजून आपलाच आहे ना याची खात्री करीत होता.

पगारे सरांनी कंपनीचा क्रमांक फिरवला. कंपनीच्या मदतकक्षाने फोनवर सांगितले, "दसऱ्यानंतर माणूस पाठवू." व्यवस्थापक सुनील दारातूनच म्हणाले, "चालणारं यंत्र कशाला उकरलंत, पगारे? हे तुमच्या अंगाशी येणार."

सर मटकन स्टुलावर बसले. एम.एस्सी.चे सारे ज्ञान त्या एका रेघेपुढे थिटे पडले होते. नजर यंत्रावर रेंगाळत असता त्यांना काहीतरी खटकले. धूळ नव्हती. यंत्राच्या कपाळावर कुंकवाचे स्वस्तिक होते, मागच्या फटीत झेंडूची पाकळी अडकली होती. आणि चालू-बंद करण्याच्या बटनावर हळदीच्या बोटाचा पुसट ठसा उमटला होता.

"साळूबाई!"

वॉर्डातल्या मावशी पदराला हात पुशीत आल्या.

"याची पूजा तुम्ही केलीत?"

"व्हय सर. आज खंडेनवमी न्हाई का? एक्स-रेची केली, गाडीची केली. ह्येच एकटं जिन्याखाली राहिलं हुतं. तुमचा देव निराळा असंल, पन यंत्र सगळ्यांचंच हाय."

"पूजा करताना बंद केलं होतं?"

"मंग? चालू यंत्राला कुनी फूल वाहतं का? आज त्याला इसावा द्यायचा असतो. बटन दाबलं तर आयकंना. दाबून धरलं, तवा इझलं. आरती झाल्याव पुन्ना चालू करून दिलं की."

"अहो, वर पाटी होती!"

"वाचली ना. सहकार्य करा लिवलंय. म्हनून तर ह्याला जास्तीच पुसलं."

राजेश्वरीबाईंना हसू आवरेना. पगारे सरांना राग यायला हवा होता. त्याऐवजी छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याचे काम मध्येच तुटले होते, एवढेच. वाक्याच्या मध्यावर कोणी लेखणी हिसकावून घ्यावी, तसे. आणि तुटलेले वाक्य पुरे करणे ही तर त्यांच्या घरातली विद्या.

पुढचे दार बंद असेल, तरी या यंत्राला मागचे साधे दार असते. त्यांनी कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन या कळा एकदम दाबल्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली. ना चित्र, ना चौकट. नाव विचारणारी नुसती ओळ. सरांनी नाव दिले, परवलीचा शब्द दिला आणि अर्धे राहिलेले काम पुरे करण्याची आज्ञा टंकली. ओळी भराभर वर सरकू लागल्या.

"काय म्हनतंय ते?" साळूबाईंनी विचारले.

"कुठे अडलो होतो, ते सांगतंय."

"सांगू द्या. वर्षभर कोन इचारतं त्याला?"

ओळी थांबल्या. सरांनी यंत्र पुन्हा सुरू केले आणि श्वास रोखला. पडदा काळा झाला, निळा झाला, आणि नेहमीची चौकट येऊन नाव विचारू लागली. साळूबाईंनी यंत्राला हात जोडले. पगारे सरांचेही हात जोडले जाता जाता राहिले. ते त्यांनी चष्मा पुसण्यात गुंतवले.

डॉक्टरांच्या पडद्यावर दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी उघडले. निघायची बॅग बाजूला ठेवून त्यांनी ते बराच वेळ पाहिले. "गाठ फारशी वाढलेली नाही. काढता येईल. पण आता लांबवायचं नाही. दसरा झाला की शुक्रवारी पुण्याला दाखल व्हा."

परतताना राजेश्वरीबाईंची खुर्ची जिन्यापाशी थांबली. "सर, दप्तर उघडलंत. पूर्ण गुण."

संध्याकाळी सुनीलरावांनी फर्मावले, "बंद कोणी केलं, त्याचं नाव लेखी द्या." साळूबाई कंत्राटावर होत्या; नाव दिले तर त्यांची नोकरी जाईल, हे सरांना कळत होते. त्यांनी लेखी दिले ते आरंभी दिलेच आहे. त्यात नाव नाही. यंत्रावरची जुनी पाटी त्यांनी स्वतः फाडली आणि नवी लावली: 'काम चालू आहे. बंद करू नका.' वडिलांनी त्यात एकही चूक काढली नसती.

वाचकहो, तुमच्याकडे मागणी एवढीच आहे. यंत्राला हार घाला, कुंकू लावा, पेढा ठेवा. परंतु बटन दाबण्यापूर्वी, ते यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला विचारा.