पिदादमायने सोडलेली चूल

पिदादमाय गेली तेव्हा कोरगावच्या चर्चमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. पणजीहून माणसं आली, तिच्या माहेरची मयेहून आली आणि निम्मी तर आमच्यासारखी हिंदू. फादरांनी तिच्या भक्तीबद्दल पुष्कळ सांगितलं आणि ते खरंच होतं. पण लोक आले होते ते तिच्या हातचं खाल्लं होतं म्हणून, हे मी पैजेवर सांगते. त्या गर्दीत तिच्या घरच्यांच्या बाकावर आमची आजी, कमलाक्षी, डोळे मिटून बसली होती. ती शेजारीण. दोन्ही घरांच्या मधे दगडांचा एक गडगा आणि त्या गडग्याला या दोघींनीच पाडलेलं एक खिंडार.

पिदादमायचा नवरा कायतान बोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा घरी यायचा, ट्रंक रिकामी करायचा आणि परत जायचा. मुलं, गाय, काजूची बाग, म्हातारे सासूसासरे, सगळं हिच्या अंगावर. तरी संध्याकाळचं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कधी चुकलं नाही. मोठ्याने म्हणायची. मधेच कोंबडी घरात शिरली की तिला सणसणीत शिवी हासडायची आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरुवात करायची. मेरीमातेला तिची सवय असणार.

आणि स्वयंपाकघर! तिथे तिचं राज्य. गॅस आला तरी पेज आणि तोणाक, आमची नारळाचं वाटण घातलेली रसभाजी, चुलीवरच व्हायचं. सून ज्युलियाना लग्न होऊन आली, तिची मुलं कॉलेजात गेली, तरी बिचारीला फक्त कांदा चिरायची आणि नारळ खवायची परवानगी. करवंटीची दवली, म्हणजे ढवळायची पळी, पिदादमाय कोणाच्या हाती देत नसे. मी लहानपणी अर्धी त्या चुलीपाशीच वाढले. ‘सेजल, बस गो,’ म्हणायची आणि विचारायच्या आत ताट पुढे.

फक्त आमची आजी तिथे कधी जेवली नाही. गणेशचवथीला आजीच्या तळलेल्या नेवऱ्या गडग्यापलीकडे जायच्या, आणि नाताळात तिकडून यायचे ते नारळ, केळी, गूळ, उकडे तांदूळ. सगळं न शिजवलेलं. साऱ्या वाड्यावर नाताळचं गोड दोदोल वाटणारी बाई आमच्या घरी तांदूळ पाठवायची. ‘सगळो गांव जेवलो. हे एकेच बायलेक म्हज्यान वाडूंक जालें ना,’ असं, एका आजीलाच वाढता आलं नाही म्हणून, ती मला कितीदा तरी म्हणाली असेल. तेव्हा तिचा चेहरा अगदी पडायचा.

एका नाताळात ज्युलियाना भडकली. ‘आमच्या घरचें खाऊन ती बाटतली काय? असल्यांक तांदूळ तरी कित्याक?’

पिदादमायने तिला तिथेच गप्प केलं. ‘तुका कितें खबर? तिणें देवाक शबूद दिला. तो मोडून खाल्लेलो घास गोड लागतलो?’

गोष्ट अशी होती. लग्नानंतर लवकरच आमचे आजोबा, गोकुळदास, विषमज्वराने आता जातात की मग जातात असे झाले होते. आजीने देवळात जाऊन देवाला सांगितलं, हे उठून बसू देत, मी जन्मभर माझ्या हाताने रांधलेलंच खाईन. आजोबा उठले आणि पुढे पुष्कळ जगले, आजीच्या मते जरा जास्तच. आजीने शब्द पाळला. अंगात ताप असतानाही उठून भात टाकायची. माझ्या लग्नात सगळे पंगतीला आणि आजी कोपऱ्यात आपला डबा उघडून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पिदादमाय मात्र त्या डब्यावर माशी बसू नये म्हणून आजीच्या शेजारी वारा घालत उभी होती.

यंदा ईस्टरआधीच्या उपासांच्या दिवसांत पिदादमायने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मान हलवली. मुलगा रुझार पणजीला न्यायला आला, तर म्हणाली, आपण ह्याच घरात मरणार. खाणं जवळजवळ सुटलं होतं. एका सकाळी आजी माझा हात धरून खिंडारातून पलीकडे गेली आणि तिच्या खाटेपाशी उभी राहिली.

‘पिदाद, वाड माका. आयज तुजे हातचां जेवतलंय. देव काय करता तां करूं दी.’

ज्युलियाना लगबगीने ताट घ्यायला वळली. मला वाटलं, आता म्हातारी आनंदाने रडणार. पण ती कोपरावर उठून ओरडली, ‘खबरदार! म्हजेखातीर शबूद मोडतलें? देवाक हांव कितें तोंड दाखोवूं?’

आजी रडायला लागली. पिदादमायलाही धाप लागली. ती पुन्हा उशीवर टेकली. मग तिने हळूच विचारलं, ‘कमळ, तुवें कितें सांगलेलें देवाक? आपले हातान रांदलेलें, न्ही?’

‘होय गे.’

‘मग वच. ती चूल आसा. रांद.’

ज्युलियानाच्या हातातलं ताट खाली पडलं.

आजीने पदर खोचला. ओल्या काजूबिया सोलून ठेवलेल्याच होत्या. त्यांचं तोणाक आणि पेज. खाटेवरून सूचनांचा भडिमार चालू होता. जाळ कमी कर, वाटप आता घाल, ढवळ, अगो ढवळ! आजी तिकडून ‘गप पड गे’ म्हणत होती. पण दवली दुसरीच्या हातात आहे हे बघताना पिदादमायची बोटं चादरीवर गोल फिरत होती. ते मला पाहवेना.

आजीने वाढून आणलं आणि खाटेच्या कडेला बसली.

‘इतकीं वर्सां हें आमकां सुचलां कशें ना?’ आजी म्हणाली.

‘सुचतलें कशें?’ पिदादमाय म्हणाली. ‘हांवें चूल सोडूंक जाय न्ही?’ ती सोडायला हवी होती, आणि तेच तिला जन्मभर जमलं नव्हतं.

तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रुसाची खूण केली. मग एक काजूबी उचलली आणि आजीच्या तोंडात घातली. आजीला हुंदका आवरेना, घास तोंडातच राहिला.

‘गीळ गो, कमळ,’ पिदादमाय म्हणाली. ‘हांव आनीक वाडटां.’